पाडव्याआधी घराला नवे रूप : तीन हजारांच्या आत



शिमगा आटोपला की आमच्या भांडुपला घराघरांतून एकच आवाज ऐकू येतो, पलंग सरकवण्याचा! इथली निम्मी बिऱ्हाडे मूळची कोकणातली. शिमग्याला गावी जाऊन आली, की चार दिवसांत पाडवा अंगावर येतो. आणि पाडवा झाला, की तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर. आज हिच्याकडे हळदीकुंकू, उद्या तिच्याकडे आंब्याची डाळ नि पन्हे. आलेल्या बायकांची नजर आधी गौरीकडे जाते आणि मग हळूच भिंतीकडे. खोटे कशाला बोला, तुमची-माझीही जातेच की!

आमच्या शेजारच्या वहिनींकडे तर यंदा चैत्रात मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. दोन खोल्यांचे घर, चार पावसाळे खाल्लेल्या भिंती. रंगाऱ्याने खरवडणे, लांबी, रंग असे सगळे धरून 28,000 रुपये सांगितले. बचत गटातून कर्ज काढायचे वहिनींच्या मनाने घेतले होते. "घर बघून मुलीला जोखतात हो," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला वाईट वाटले आणि रागही आला. त्याच मुलीच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी जूनमध्ये भरायची आहे. मी म्हटले, वहिनी, कर्जच काढायचे असेल तर ते फीसाठी काढा. भिंतींचे आपण दोघी मिळून बघू. त्यांना पटायला दोन दिवस लागले. मग एका रविवारी कंबर कसली, त्याचाच हा हिशेब. दहावी-बारावीचे पेपर ज्यांच्या घरी चालू असतील, त्यांनी मात्र ते संपेपर्यंत या वाटेला जाऊ नये.

आधी भिंतीला ओल आहे का ते पाहा. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा डागावर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल आतून येते आहे. अशा भिंतीवर कितीही महाग रंग लावा, श्रावण संपायच्या आत त्याचे पापुद्रे हातात येतील. तिथे आधी बाहेरची भेग किंवा गळका नळ दुरुस्त करून घ्यावा, एप्रिल-मेच्या उन्हात भिंत वाळू द्यावी आणि मगच रंग. तोवर ती जागा नुसती पुसून ठेवली तरी काही बिघडत नाही. कपाट पुढे सरकवून ती झाकू मात्र नका. हवा लागली नाही तर बुरशी आणखी वाढते, आणि घरात दमेकरी असेल तर त्याचा त्रास वेगळाच.

रंग किती लागेल, हे दुकानदाराला विचारू नये. स्वतः मोजावे. (शाळेत गणित शिकवते म्हणून सांगते आहे असे समजा.) खोली 10 बाय 12 ची आणि उंची 9 फूट. चारी भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले 9 म्हणजे 396 चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण 50 वजा केले, की राहिले 350. साध्या डिस्टेंपरचे दोन हात द्यायचे, तर सपाट भिंतीवर एक किलो साधारण 50 चौरस फुटांना पुरतो. म्हणजे 7 किलो. भिंत खडबडीत असेल तर थोडा जास्त. तेव्हा 10 किलोचा डबा घ्यावा, उरलेला मोरीच्या बाहेरच्या भिंतीला होतो. वहिनींना दुकानात 20 किलोचा डबा दाखवत होते!

रंगाचे नाव निघाले म्हणून आठवले. लालबहादूर शास्त्री मार्गावर एशियन पेंट्सचा जुना कारखाना होता, त्यामुळे भांडुपच्या जुन्या माणसांना रंगाच्या डब्याचे अप्रूप नाही. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये चितारलेला, हातात ब्रश घेतलेला तो खट्याळ गट्टू आठवतो ना? कपाळावर केस आलेला? डबा कुठल्याही कंपनीचा घ्या, पण फिकी छटा निवडा. पिवळसर पांढरा किंवा ताकासारखा रंग लहान खोलीत उजेड वाढवतो. गडद हिरवा, जांभळा दुकानातल्या पुस्तकात शोभतो, आपल्या दहा फुटांत नाही.

छताला पूर्वीपासून चुनाच असेल तर पुन्हा चुनाच द्यावा. स्वस्त पडतो आणि बुरशीलाही आवरतो. डिस्टेंपरवर किंवा तेलरंगावर मात्र चुना धरत नाही, तो गळतो. उलट जुन्या चुन्यावर डिस्टेंपर द्यायचा असेल, तर सुटा चुना खरवडून आधी प्रायमरचा एक हात हवा. कळीचा चुना भिजवताना लोखंडी डबा किंवा पिंप घ्यावे. तो इतका तापतो, की प्लॅस्टिकची बादली वितळायची. पाण्यात चुना थोडा थोडा सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये, अंगावर उडते. रात्रभर मुरला, की जुन्या पातळातून गाळून घ्यावा, त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक मिसळावा. चष्मा लावा, नसेल तर मुलाचा पोहण्याचा चष्मा चालतो. हसू नका! डोळ्यात चुना गेला तर फार वाईट. गेलाच, तर वाहत्या पाण्याने डोळा पंधरा-वीस मिनिटे धूत राहावे आणि तडक डॉक्टरकडे जावे.

दुसरी काळजीची गोष्ट दाराखिडक्यांच्या जुन्या तेलरंगाची. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त नसावे हा आपल्याकडचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचे थर संशयाचेच. ते कोरडे घासू नयेत. काचपेपर पाण्यात भिजवून घासावे, खाली वर्तमानपत्र पसरावे, जमिनीवरचा चोथा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. रांगते मूल आणि गरोदर बाई त्या दिवशी शेजारी पाठवावी. आणि मोरी घासताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून निघणारा वायू छातीत बसतो.

भिंती-जमिनी धुण्याचा दिवस पाण्याच्या वेळेवर ठरवा. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग आमच्या भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन जातो, पण टेकडीवरच्या बायकांची हंड्यांची रांग काही चुकलेली नाही. असो.

पडद्यांना पैसे घालू नका. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. दाराचे सात-सात फुटांचे दोन पडदे काढून चार फूट उरतात, त्यात उशीचे अभ्रे होतात. काठ खाली घ्या, म्हणजे पडद्याला वजन येते. गाद्या-उशा मार्चच्या कडक उन्हात दोन दिवस उलटसुलट तापवा, ढेकणांसाठी पलंगाच्या खाचाही पाहा. लोखंडी कपाटाचा गंज काचपेपरने घासून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर तेलरंग दिला, की आणखी दहा वर्षे बघायला नको. गुढीच्या तांब्याला चिंच-मीठ आहेच.

वहिनींचे रंग, चुना, प्रायमर, दोन ब्रश, काचपेपर सगळे मिळून 2,740 रुपये झाले. दुसऱ्या खोलीला फक्त धुणे-पुसणे केले. मुलीनेच दाराला रंग दिला, कोपऱ्यात थोडा ओघळला आहे. पाहुणे येऊन गेले. निरोप अजून यायचा आहे, आणि फीचे पैसे पोस्टात आहेत.

एक राहिले. आवराआवरीत बोहारीण दाराशी आली, की हात सैल सुटतो. कपडे द्या, पण सासूबाईंच्या ट्रंकेला त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. वहिनींकडच्या आजींच्या ट्रंकेत पितळी डबे, फाटका शालू आणि गिरणीतल्या पगाराच्या पावत्या निघाल्या. वहिनी ट्रंक पोटमाळ्यावर टाकणार होत्या, आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या तिच्यावर हात ठेवून बसल्या. शेवटी तिलाच हिरवा तेलरंग दिला, वर गोधडीची घडी ठेवली, आता खिडकीखाली बसायची जागा झाली आहे. चैत्रगौरीला आजी तिथेच बसणार म्हणतात.