आरोग्यनोंदींचे राष्ट्रीय जाळे : क्रमांक आणि नोंद

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी क्षणभर उभे राहिले, तर जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या हाती एक पिशवी दिसते. एक्स-रे, दुमडून फाटलेले केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवी तपासल्याचे कागद आणि एखाद्या गावच्या डॉक्टरांनी दिलेले, अक्षर न लागणारे पत्र, एवढा ऐवज तीत असतो. रुग्णाचा सारा वैद्यकीय इतिहास या पिशवीत सामावलेला असतो. आणि ती एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात वाहून नेण्याचे काम आजाऱ्यालाच करावे लागते. पिशवी गाडीत राहिली वा पुरात वाहून गेली, म्हणजे तो इतिहासही गेला. मग झालेल्या तपासण्या पुन्हा होतात, त्यांचे पैसे पुन्हा भरावे लागतात. पैशाचे एक वेळ सोसता येईल. परंतु या माणसाला पूर्वी पेनिसिलिनची जबर बाधा झाली होती, हे सांगणारा चिटोरा त्याच पिशवीत असेल, तर ती हानी सोसण्याजोगी नव्हे.

एके काळी एकाच रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आतही हीच अवस्था असे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या प्रख्यात संस्थेत प्रत्येक डॉक्टर आपल्या नोंदी आपल्या वहीत लिही; एकाने काय पाहिले ते दुसऱ्यास सहजी कळत नसे. १९०७ साली तेथील डॉ. हेन्री प्लमर यांनी ही रीत मोडली. प्रत्येक रुग्णास एक क्रमांक द्यावयाचा, त्या क्रमांकाची एकच धारिका ठेवावयाची आणि त्याला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने तीतच लिहावयाचे, असा दंडक त्यांनी घातला. आजच्या राष्ट्रीय जाळ्याची मूळ कल्पना हीच आहे. फरक इतकाच, की आता ही धारिका साऱ्या देशाच्या रुग्णालयांनी मिळून लिहावयाची आहे.

भारतात या कार्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याचा प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल अभियान’ या नावाने ते देशभर सुरू झाले. प्रत्येक इच्छुक नागरिकास चौदा आकडी क्रमांक मिळतो. हा क्रमांक घेण्याची सक्ती नाही. सर्व नोंदी दिल्लीतील एखाद्या प्रचंड कोठारात साठविल्या जातात, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. ग्रंथालयात येणाऱ्या वाचकास ही रचना चटकन उमजेल. प्रत्येक ग्रंथालयाची पुस्तके त्याच्याच कपाटात राहतात, मात्र कोणते पुस्तक कोठे आहे हे सांगणारी सूची सर्वांची मिळून एक असते. येथेही नोंद जेथे लिहिली गेली तेथेच राहते. दुसऱ्या रुग्णालयास ती हवी असल्यास रुग्णाची संमती मागावी लागते. कोणत्या कारणासाठी आणि किती काळापुरती, हेही त्या संमतीत नमूद होते आणि रुग्णाला ती मागे घेता येते.

रचना विचारपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही. शंका येते ती यशाच्या मापाविषयी. २०२५ च्या आरंभी दिलेल्या क्रमांकांची संख्या सत्तर कोटींच्या पुढे गेली होती, आणि तिचाच गौरवाने उल्लेख होत असे. परंतु क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. प्लमर यांच्या क्रमांकाचे महत्त्व एवढ्यासाठीच होते, की तो उच्चारताच भरलेली धारिका पुढे येई. रिकाम्या धारिकेचा क्रमांक कितीही सुबक असला, तरी रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला त्याचा काय उपयोग?

भरलेल्या नोंदीचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण देशातच आहे. क्षयरोग्यांच्या नोंदीसाठी ‘निक्षय’ ही व्यवस्था २०१२ पासून चालू आहे. ओडिशातील गंजम जिल्ह्यातून सुरतेच्या यंत्रमागांवर कामास येणाऱ्या मजुरांचा विचार करावा. अशा एखाद्या मजुरास सुरतेत क्षय झाल्याचे निदान झाले. औषधे निदान सहा महिने, खंड न पडता घ्यावयाची. पण दुसऱ्याच महिन्यात अशक्तपणामुळे काम सुटते आणि तो गावी परततो. पूर्वी सुरतेच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘बेपत्ता’ असा शेरा पडे आणि गंजममध्ये त्याची कोणास दखल नसे. अर्धवट उपचार झालेला क्षय पुन्हा उलटतो, आणि जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचे भयही असते. आता त्याची नोंद एका जिल्ह्याकडून दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येते. गावच्या आरोग्यकेंद्रास तो कोण, कोणते औषध घेतो आणि किती दिवस झाले, हे कळू शकते. नोंद पुढे गेली म्हणजे गोळी आपोआप पोटात जाते असे नव्हे. मात्र त्या घरी कोणीतरी जाऊन चौकशी करण्याची शक्यता त्यामुळेच निर्माण होते. तथापि ही व्यवस्था एकच रोग जाणते. याच मजुरास मधुमेहही असेल (आणि मधुमेह क्षयाला बळ देतो, हे सर्वश्रुत आहे), तर त्याचे कागद पुन्हा पिशवीतच! राष्ट्रीय जाळ्याने भरून काढावयाची उणीव ती हीच.

यात एक अडचण भाषेची आहे आणि ती वरवर दिसते त्याहून खोल आहे. माणूस संदर्भाने अर्थ लावतो, यंत्रास ते तितके साधत नाही. ‘एमएस’ ही दोन अक्षरे हृदयरोगतज्ज्ञाने लिहिली, तर हृदयाची एक झडप आकसली आहे असा अर्थ होतो. मज्जातंतुतज्ज्ञाने लिहिली, तर मेंदू व मज्जारज्जूचा एक निराळाच विकार सूचित होतो. रक्तातील साखरेचे भारतातील प्रयोगशाळा १०८ असे माप देतात, तेच काही देशांत ६ असे लिहिले जाते. मापाचे एकक न लिहिल्यास दोन्ही आकडे निरर्थक, किंबहुना घातक. म्हणून प्रत्येक संकल्पनेस एकच निश्चित संकेतांक देणारे कोश लागतात. ‘स्नोमेड सीटी’ हा साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पनांचा असा कोश असून भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला. या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेत आहे. डॉक्टरांसाठी ही सोय झाली, रुग्णाचे काय? स्वतःची नोंद वाचण्याचा अधिकार मिळाला आणि ती इंग्रजी संक्षेपांनी भरलेली असली, तर त्या अधिकारास अर्थ राहत नाही. घरी सोडताना दिलेला कागद मराठीत, उडियात, तमिळात छापून देणे हे संकेतांक ठरल्यावर यंत्रालाही बऱ्याच अंशी साधण्याजोगे आहे. ते अद्याप सर्वत्र का होत नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि हे सारे लिहावयाचे कोणी? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतातील प्राथमिक उपचाराच्या भेटीची सरासरी सुमारे दोन मिनिटे भरली. या दोन मिनिटांत विचारपूस, तपासणी, औषधयोजना आणि वर संगणकात संकेतांकांची भरती व्हावी, ही अपेक्षा कागदावरच शोभते. उपकेंद्रातील परिचारिका एकच लसीकरण प्रथम वहीत आणि मग संगणकात लिहिते. तेथे नवे जाळे म्हणजे तिला आणखी एक वही वाटली, तर दोष तिचा नव्हे. नवी नोंद सुरू करताना दोन जुन्या वह्या बंद करण्याचा हुकूम त्याच दिवशी निघाला पाहिजे. लेखनिक नेमावे लागले तर नेमावेत. तो खर्च उपचाराचाच भाग होय.

गुप्ततेचा प्रश्न बहुधा न्यायालये आणि कायदे यांच्या भाषेत मांडला जातो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, हे उत्तमच झाले. परंतु असंख्य घरांत मोबाइल एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. संमतीचा परवलीचा आकडा त्याच यंत्रावर येतो. पत्नीच्या गर्भपाताची वा मानसोपचाराची नोंद उघडण्याची किल्ली पतीच्या हाती गेली, तर संमती कोणाची समजावयाची? याचे उत्तर रुग्णालयातच, मोबाइलविना संमती देण्याच्या सोयीत शोधावे लागेल. एस्टोनिया या तेरा लाखांच्या वस्तीच्या देशात २००८ पासून असे जाळे आहे. तेथे आपली नोंद कोणी उघडून पाहिली, हे नागरिकास स्वतः पाहता येते. ही सवय उचलण्याजोगी आहे.

मोठ्या देशांस हे काम जड जाते, याचा दाखला इंग्लंडने दिला. तेथील राष्ट्रीय योजना २००२ मध्ये सुरू झाली आणि सुमारे एक हजार कोटी पौंडांच्या खर्चाचा हिशेब मांडून २०११ मध्ये ती मोडीत काढण्याचे जाहीर झाले. डॉक्टरांस न विचारता वरून लादलेल्या प्रणाली त्यांनी मनापासून स्वीकारल्या नाहीत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या पडझडीतून जे टिकले त्यात एक लहानशी नोंद आहे. चालू औषधे, कोणत्या औषधाची बाधा होते आणि पूर्वी काय दुष्परिणाम झाले, एवढेच तीत मुळात असे. अपघातात बेशुद्ध होऊन आलेल्या माणसासाठी नेमके तेवढेच लागते. भारतानेही प्रथम एवढाच भाग प्रत्येकाचा पुरा भरावा, बाकीचे मागाहून येऊ द्यावे.

त्याबरोबर वार्षिक अहवालात एक नवा रकाना असावा. दुसऱ्या रुग्णालयाने लिहिलेली जुनी नोंद वर्षभरात किती वेळा उघडली गेली, आणि त्यामुळे किती वेळा औषध बदलले अथवा तपासणी टळली, एवढे त्यात लिहावे. हा आकडा सत्तर कोटींच्या मानाने फार लहान निघेल, आणि तो छापण्यास प्रथम संकोचही वाटेल. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे दोन आठवडे तेथील कारभार हातानेच कागदावर चालवावा लागला होता. तेव्हा तूर्त रुग्णांनी आपली पिशवी जपून ठेवावी आणि तिच्यातील पहिल्याच कागदावर आपल्याला न सोसणाऱ्या औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहून घ्यावे.