बिडाचा तवा
शेजारच्या वहिनींच्या माळ्यावरचा बिडाचा तवा गंजला म्हणून भंगारात रवाना होणार, ही खबर परवा कानी येताच मी तो रीतसर मागून ताब्यात घेतला. कारण, वाचकहो, शेकडा 2 ते 4 भाग कर्ब असलेले हे ओतीव लोखंड ठिसूळ, तापल्यावर गार पाण्याने तडकणारे असले, तरी वरवरच्या गंजाने त्याचे आयुष्य सरत नाही. विटेच्या भुकटीने व काथ्याने घासून, आचेवर कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात धूर निघेतो तीनदा दिला, तेव्हा त्या तेलाचेच काळेभोर कवच झाले. मग तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवून घातलेले पहिले घावन चिकटले, परंतु दुसरे जाळीदार होऊन कडेने आपसूक सुटले. अशी जाळी बिडावर छान पडते, आणि घावन बिडावरच करावे. वहिनींनी तवा परत मागितला. तो साबणाच्या पाण्यात भिजत न ठेवण्याचे वचन घेऊन मी आनंदाने दिला.