मोटारी उडतात, प्रेक्षक का सुखावतात?

विमानातून पॅराशूट बांधलेल्या मोटारी एकामागून एक खाली सोडल्या जातात, कॉकेशसच्या डोंगरातील अरुंद रस्त्यावर नेमक्या उतरतात आणि क्षणाचीही उसंत न घेता शत्रूच्या ताफ्यामागे धावू लागतात. २०१५ मधील 'फ्युरियस ७'मधील हा प्रसंग तर्काच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारा नाही. तरीही या चित्रपटाने जगभरात दीड अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमविला आणि भारतातही १०० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. एवढ्या प्रेक्षकांना अक्कल नव्हती, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा आहे.

या मालिकेचा प्रारंभ तसा बेताचाच होता. २००१ मधील पहिल्या चित्रपटात लॉस एंजलिसच्या रस्त्यांवरील बेकायदा शर्यती आणि डीव्हीडी प्लेयरची चोरी एवढाच मामला होता. खर्च होता सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर. २०११ च्या पाचव्या भागात दोन मोटारी अवजड तिजोरी फरफटत नेत रिओच्या रस्त्यांची धूळधाण करतात, तेथून मालिकेने वास्तवाशी असलेला उरलासुरला संबंधही तोडला. २०२१ च्या नवव्या भागात तर मोटार अंतराळात पोहोचली!

प्रेक्षकाला हे खोटे आहे हे ठाऊक असते. चित्रपटही ते खरे असल्याचा आव आणत नाही. तमाशाच्या फडात राजा 'दिल्लीला निघालो' म्हणून एक फेरी मारतो आणि दिल्ली येते. त्यावर कोणी हरकत घेत नाही. फसवणूक होते ती शब्द मोडला तर. गंभीर म्हणविणारा चित्रपट तर्कात घसरला की प्रेक्षक चिडतो. येथे मात्र मौजेचाच वायदा असतो आणि तो पाळला जातो. त्यासाठी पडद्यावरच्या माणसांनी मात्र हसता कामा नये. विन डिझेलचा डॉमिनिक टोरेटो 'कुटुंबा'विषयी बोलतो ते एखाद्या कुलपुरुषाच्या गांभीर्याने, आणि त्यामुळेच भोवतालचा वेडेपणा खपून जातो. नायकानेच डोळे मिचकावले असते, तर सारा डोलारा कोसळला असता.

आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. 'फ्युरियस ७'मधील मोटारी खरोखरच विमानातून सोडल्या गेल्या होत्या. त्यांत माणसे नव्हती आणि रस्त्यावर उतरण्याचा भाग स्वतंत्रपणे चित्रित झाला, हे खरे. पण हवेत गटांगळ्या खाणाऱ्या लोखंडाचे वजन डोळ्यांना जाणवते. कथा खोटी असली, तरी मोटार खरी असते. संगणकाच्या चित्रांवर सारी भिस्त ठेवली की हे वजन हरवते. शिवाय खर्चाला धरबंध राहिलेला नाही. २०२३ च्या दहाव्या भागावर सुमारे ३४ कोटी डॉलर उधळले गेले आणि जागतिक उत्पन्न ७० कोटींच्या आसपास थांबले. चित्रपटगृहांचा वाटा आणि जाहिरातखर्च वजा जाता हा व्यवहार फारसा सुखावह ठरत नाही.

या मौजेची खरी किंमत मोजणारे मात्र पडद्यावर ओळखूही येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत नागपट्टिणम जिल्ह्यात एका चित्रीकरणात मोटार उलटविण्याचे दृश्य करताना एका अनुभवी स्टंट कलावंताला प्राण गमवावे लागले. मोटारी हवेत उडविण्याची हौस आपल्याकडेही जुनीच आहे. 'सिंघम'च्या रोहित शेट्टी यांचे वडील स्वतः साहसदृश्यांच्या क्षेत्रातले होते. तरीही पडणाऱ्यांची नावे शेवटच्या श्रेयनामावलीत, प्रेक्षक उठून दाराकडे निघाल्यावरच दिसतात. ऑस्कर अकादमीला या कसबाची दखल घेण्यास जवळपास शतक लागले: २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट संयोजनासाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याचे तिने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. याबाबतीत भारत पुढे होता, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१७ मध्येच 'पुलिमुरुगन' या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हाइन यांना स्टंट संयोजनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला होता. अर्थात, पुरस्कार संयोजकाला मिळतो. मोटारीत बसणाऱ्याच्या विम्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.