कानमंत्र चालत नाही, बॉस!

शनिवारची रात्र. चंद्रपुरातली गच्चीवरची खोली, आम्ही पाच जण, चिवडा, फासे आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी : प्रत्येकाचं एक पात्र आणि गोष्ट पुढे नेणारा एक डीएम. (डीएम म्हणजे कलेक्टर नव्हे, डंजन मास्टर!) आमच्या डीएमने गोष्ट थेट ताडोबाच्या तलावाकाठी आणलीय. वाघाशी झुंजताना गेलेल्या तारूची आख्यायिका तिथलीच ना, मग परदेशी ड्रॅगन हवाय कुणाला?

आमच्यातली एक मैत्रीण कर्णबधिर आहे. ओठ वाचते, खुणांनी बोलते. तिचं पात्रही मुद्दाम तसंच, ऐकू न येणारी जादूगारीण.

तर त्या रात्री दुष्ट मांत्रिकाने तिच्यावर 'सजेशन' टाकला. म्हणजे, 'काठी खाली ठेव आणि घरी जा.' डीएम फासा उचलणार, तेवढ्यात तिने 2014चं नियमपुस्तक पुढे सरकवलं. हा मंत्र ज्याला ऐकू येतं आणि भाषा कळते, त्याच्यावरच चालतो. सही! आपल्याकडेही गुरू मंत्र कानातच देतो आणि भडकवणारा कानच फुंकतो. कानच बंद तर करणार काय? भेसूर कुजबुजीच्या 'डिसोनंट व्हिस्पर्स'चंही तेच. बहिऱ्या पात्राला इजा अर्धीच होते आणि घाबरून पळावं लागत नाही.

आधी हा खेळ इतका उदार नव्हता. 2003च्या आवृत्तीत बहिऱ्या पात्राचा बोलून टाकायचा मंत्र फसण्याची शक्यता 20 टक्के. का, ते विचारू नका. मंत्र म्हणायला तोंड लागतं! 2014च्या आवृत्तीत हा दंड नव्हता, पण बार्डने, म्हणजे आपल्या शाहिराने, दिलेलं बळ मात्र ऐकू येणाऱ्यालाच मिळायचं. 2024च्या पुस्तकात दोन शब्द वाढले : ज्याला तो 'दिसतो किंवा' ऐकू येतो. आणि बार्डने बोलावं, गावं किंवा नाचावं. यात नवल ते काय? इथून जवळच, वरोऱ्याच्या आनंदवनात, 'स्वरानंदवन'च्या ताफ्यात कर्णबधिर कलाकार नाचतात. आमच्या जिल्ह्याला हे पुस्तकाआधीच माहीत होतं.

खरी गडबड पुढे झाली. आमच्याच एकाने शत्रूवर 'सायलेन्स' टाकला. 20 फूट त्रिज्येच्या गोलात आवाज बंद, बोलून टाकायचे मंत्रही बंद. आम्ही सगळे त्यातच अडकलो. डीएम म्हणाला, "आता टेबलावरही कुणी बोलायचं नाही. खुणांनीच ठरवा." ती भराभर हात हलवू लागली. प्लॅन नक्कीच भारी असणार. आम्हाला ओ की ठो कळलं नाही! सहा महिने ती आमचे ओठ वाचत होती आणि आम्हाला 'मागे फिरा'ची खूण येत नव्हती. तिघांची पात्रं मेली.

मग तिने मोबाइलवर टाइप करून सगळ्यांपुढे धरला : 'मंत्रांचं टेन्शन नाही. आधी लाइट लावा.'

वातावरणनिर्मिती म्हणून आम्ही दर शनिवारी ट्यूब बंद करून मेणबत्त्या लावत होतो. त्या उजेडात ओठ कसले वाचणार? त्यात डीएम पुठ्ठ्याच्या स्क्रीनमागे तोंड लपवून बोलणार आणि आम्ही चौघं एकाच वेळी ओरडणार. गोष्टीचा निम्मा भाग तिने अंदाजाने खेळला होता, यार. आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, माझ्यासकट.

आता ट्यूब चालू असते. एका वेळी एकच बोलतो आणि बोलण्याआधी हात वर करतो. दर शनिवारी ती पाच खुणा शिकवते. पहिली मीच मागून घेतली, 'मागे फिरा'ची. डीएमचा स्क्रीन आम्ही काढून टाकलाय, त्यामुळे त्याचे फासे सगळ्यांना दिसतात. बिचारा वैतागलाय.