‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ सगळ्यांना पाठ आहे, मग जीवशास्त्रात मार्क का जातात?

रेल्वेच्या ग्रुप डी भरतीची 32,438 जागांची जाहिरात 2025 च्या जानेवारीत आली आणि देशभरातून एक कोटीहून जास्त अर्ज गेले. पात्रता दहावी पास. कर्जत-खालापूर पट्ट्यात या भरतीचं वजन जरा वेगळं आहे. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, गाडी बोरघाट चढते, आणि घाटातले रूळ भर पावसात सांभाळणारे ट्रॅक मेंटेनर याच भरतीतून येतात. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाण्यासारख्या गावात दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींसाठी ही कायमची नोकरी आहे, आणि तिच्यासाठी डिग्री लागत नाही.

परीक्षा 100 प्रश्नांची, वेळ 90 मिनिटं. त्यातले 25 प्रश्न सामान्य विज्ञानाचे, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, तेही दहावीच्या पातळीचं. तीन उत्तरं चुकली की एक मार्क जातो आणि कटऑफ दशांशात लागतो. म्हणजे बेडूक कुठल्या गटात येतो, यावर नोकरी जाऊ शकते. हे फक्त रेल्वेपुरतंही नाही. एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेच्या अभ्यासक्रमात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि आरोग्यशास्त्र अशी नावं घेऊन विषय दिलेले आहेत.

मग पोरं अभ्यास करत नाहीत का? करतात की. पण कशावरून करतात ते बघा. तीस सेकंदांच्या रीलमध्ये दहा प्रश्न, टेलिग्रामवर हजार वनलायनरची पीडीएफ. ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं? तंतुकणिका.’ झालं, पुढचा प्रश्न.

आता हाच प्रश्न थोडा फिरवून बघू. माणसाच्या कोणत्या पेशीत तंतुकणिका नसते? उत्तर आहे परिपक्व तांबडी रक्तपेशी. तिचं काम ऑक्सिजन वाहून नेण्याचं. तिच्यात केंद्रकही नसतं, तंतुकणिकाही नसते, त्यामुळे आत हिमोग्लोबिनला भरपूर जागा मिळते आणि वाहून नेला जाणारा ऑक्सिजन ती स्वतः वापरत नाही. तिला लागणारी थोडी ऊर्जा ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या ग्लायकोलायसिसमधून मिळते. वनलायनर पाठ असलेल्याला इथे चार पर्यायांपैकी एकावर अंदाजाने टिक करावी लागते. तंतुकणिका नेमकं काय करते हे ज्याला कळलंय, तो उत्तरापर्यंत विचार करून पोचू शकतो.

कोंडाण्याच्या वाटेवरचा धडा

कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीला जाणारी वाट ट्रेकर्सना माहीत असते. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, राजमाचीचे काजवे बघायला गर्दी लोटते. (एवढी की टॉर्च आणि मोबाईलच्या उजेडानं काजव्यांचीच पंचाईत होते. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या इशाऱ्यांनीच शोधतात.)

हा काजवा घ्या. तो माशी नाही, भुंगेऱ्यांच्या गटातला कीटक आहे. सहा पाय, सांधे असलेले, म्हणजे संधिपाद प्राणिसंघ. अंडी, अळी, कोष, प्रौढ अशा चार अवस्था, म्हणजे पूर्ण रूपांतरण. बऱ्याच जातींच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणजे अन्नसाखळीही आली. आता त्याच्या पोटाखालचा उजेड. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया होते, ल्युसिफेरेज हे विकर ती घडवून आणतं, आणि त्यासाठी एटीपी खर्च होतं. रासायनिक ऊर्जेचा प्रकाश होतो, उष्णता जवळजवळ नाहीच. हे एटीपी येतं कुठून? मुख्यतः तंतुकणिकेतून. ‘ऊर्जाकेंद्र’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

वर्गीकरण तर भाताच्या खाचरातच शिकून होतं. गांडूळ वलयी, गोगलगाय मृदुकाय, खेकडा संधिपाद, बेडूक उभयचर, दिवड सरीसृप. लावणीला उतरलेल्या कुणालाही हे पाचही माहीत असतात, फक्त पुस्तकातली नावं माहीत नसतात. यादी पाठ करण्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: याला पाठीचा कणा आहे का? पहिल्या तिघांना नाही, शेवटच्या दोघांना आहे. अर्धं वर्गीकरण तिथेच सुटतं. कोळ्याला आठ पाय, म्हणून तो संधिपाद आहे पण कीटक नाही. वटवाघूळ उडतं, पण पिल्लाला दूध पाजतं, म्हणून सस्तन. पेपर काढणाऱ्यांना असे अपवाद फार आवडतात.

भात आणि मेंडेल

कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-3’सारखे सुधारित वाण इथलेच, आणि 1998 मध्ये आलेला ‘सह्याद्री’ हा संकरित भातही इथलाच. मला विचाराल तर आनुवंशिकता समजून घ्यायला मेंडेलच्या वाटाण्यापेक्षा हा भात जवळचा आहे.

भाताच्या प्रत्येक छोट्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे बहुतेक वेळा स्वपरागणच होतं. मग दोन वाणांचा संकर करायचा कसा? लाखो फुलांतले पुंकेसर हातानं काढणं शक्य नाही. त्यासाठी ‘नरवंध्य’ वाण वापरतात. त्याच्यात कामाचे परागकण तयारच होत नाहीत, त्यामुळे शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या वाणाचे परागकण त्याच्यावर पडतात. ही नरवंध्यता ज्या जनुकांमुळे येते, ती केंद्रकात नसून तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये असतात. आणि तंतुकणिका पुढच्या पिढीत जवळजवळ नेहमी आईकडूनच येते. पुन्हा तीच तंतुकणिका, पण या वेळी प्रश्न आनुवंशिकतेचा.

संकरित भाताचं बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, उतारा घटतो. कारण दुसऱ्या पिढीत गुणधर्म वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. नववीत पाठ केलेलं 3:1 हे त्याचंच सगळ्यात सोपं रूप. ‘कर्जत-3’सारख्या सरळ वाणाचं बी राखता येतं. घरात शेती असेल तर हा फरक वडिलांना विचारा, ते पुस्तकाआधी सांगतील.

सगळ्यात जास्त गोंधळ रोगांचा

इथे मार्क हमखास जातात, कारण रोग पसरवणारा आणि रोग करणारा यांची सरमिसळ होते. मलेरिया पसरवते ॲनाफेलिस डासाची मादी, पण तो होतो प्लाझमोडियम या आदिजीवामुळे. डेंग्यू पसरवतो एडिस, पण कारण आहे विषाणू. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस जीवाणूमुळे होतो. उंदीर वगैरे प्राण्यांच्या लघवीतून तो पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात जातो. प्रतिजैविकं लेप्टोवर चालतात, डेंग्यूवर नाहीत, कारण ती जीवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. आणि हो, जीवाणूची पेशी आदिकेंद्रकी असते, म्हणून तिच्यातही तंतुकणिका नसते.

यासाठी महागडा क्लास लागत नाही. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. आठवीचा ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा आधी, मग नववीचा ‘आनुवंशिकता व परिवर्तन’, मग दहावीच्या भाग 2 मधल्या जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण आणि सूक्ष्मजीवशास्त्र. वाचताना मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्दही देवनागरीत लिहून ठेवा: तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, विकर म्हणजे एन्झाइम. उत्तर येत असूनही केवळ शब्द अनोळखी वाटला म्हणून प्रश्न सोडून देणारे कमी नाहीत. वनलायनरची पीडीएफ डिलीट करू नका. धडा वाचून झाल्यावर ती उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘का?’ लिहून उत्तर देता येतंय का ते बघा.