गुडघा गेला, पुढे काय?

ज्याचे पोट अंगमेहनतीवर, त्याचा हातपाय मोडला तर काय होते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. इंग्लंडच्या ब्रायन क्लफचे पोट पायावर होते. १९३५ साली मिडल्सब्रोत जन्म, घरात भावंडांची रांग. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, रसायनांच्या कारखान्यात किरकोळ नोकरी लागली. पण फुटबॉल असा, की लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल! हिशेब करून पाहा.

२६ डिसेंबर १९६२. संडरलँडकडून खेळताना, गोठलेल्या मैदानावर तो समोरच्या गोलकीपरवर आदळला. गुडघ्यातला सांधाबंध तुटला. वय सत्तावीस. पुढे तीन सामने खेळून पाहिले, जमले नाही.

१९६५ मध्ये हार्टलपूल्स या तळाच्या क्लबाने त्याला मॅनेजर नेमले. जोडीला जुना मित्र पीटर टेलर. क्लब कंगाल, म्हणून पठ्ठ्याने बस चालवण्याचा परवानाही काढला! इथेच त्याने जॉन मॅकगव्हर्न नावाच्या सोळा वर्षांच्या पोराला मैदानात उतरवले. पुढे त्याला डर्बीला नेले. तिथले प्रेक्षक पोराची टर उडवत, क्लफ ऐकत नसे. १९७२ ला डर्बी इंग्लंडचा विजेता झाला. १९७४ ला लीड्सने क्लफला ४४ दिवसांत घरी पाठवले; तिथेही मॅकगव्हर्न सोबत होता. मग दुसऱ्या डिव्हिजनमधला नॉटिंगहॅम फॉरेस्ट. हा क्लब १९७८ ला इंग्लंडचा, १९७९ आणि १९८० ला युरोपचा विजेता झाला. दोन्ही वेळा युरोपचा चषक उचलणारा कॅप्टन कोण? तोच मॅकगव्हर्न.

याच संघात व्हिव अँडरसन होता, जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. काळ्या खेळाडूंवर तेव्हा प्रेक्षक केळी फेकत. अँडरसनने सांगितले आहे, की एकदा तो वैतागून परत आला, तर क्लफने त्याला पुन्हा मैदानाकडे पिटाळले. नोव्हेंबर १९७८ मध्ये अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळला. असा मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतात.

मग जस्टिन फॅशनूचे काय? हाही कृष्णवर्णीय. १९८१ मध्ये क्लफनेच दहा लाख पौंड मोजून आणलेला. तो समलिंगी आहे अशी कुजबुज कानी येताच क्लफने त्याला पाणउतारा करून सरावातून हाकलले. ज्याने एकाला केळ्यांच्या माऱ्यात उभे केले, त्यानेच दुसऱ्याला असे वागवावे! पुढे आपले चुकले हे क्लफने कबूल केले. पण फॅशनू ऐकायला उरला नव्हता. १९९८ मध्ये त्याने जीव दिला होता.