वेग सगळे मोजतात, पण बॉल कोण मोजतं?

दिवाळी झाली की कल्याण, टिटवाळा, खडवली पट्ट्यात टेनिस क्रिकेटचा सीझन रंगात येतो. चांगला फास्ट बॉलर असेल तर त्याला एकाच रविवारी दोन-दोन टीमकडून बोलावणं येतं. यॉर्करवर दांडी उडाली की रील तयार. पण त्या पोरानं आठवडाभरात एकूण किती बॉल टाकले, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आत्ताच का? कारण आता स्वप्न जवळ आलंय. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल सुरू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये कल्याणचा तुषार देशपांडे झिम्बाब्वेविरुद्ध भारताकडून खेळला. त्यामुळे 'वेग असला की झालं' असं पोरांना वाटणं साहजिक आहे.

पण नुसत्या वेगामागे धावल्यावर काय होतं, हे बघायला अमेरिकेच्या बेसबॉलकडे जावं लागेल.

फास्टबॉल म्हणजे काय?

बेसबॉलचा पिचर रन-अप न घेता, जागेवरून, कोपर वाकवून चेंडू फेकतो. अंतर १८.४४ मीटर. त्याचा सगळ्यात वेगवान चेंडू म्हणजे फास्टबॉल. २०१० मध्ये अरोल्डिस चॅपमननं तो ताशी १७०.३ किलोमीटरनं फेकला होता. क्रिकेटमध्ये शोएब अख्तरचा २००३ चा विक्रम १६१.३ चा आहे. क्रिकेटमध्ये बॉल टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर नो-बॉल. म्हणून आपला वेग रन-अप, पाठ आणि पुढच्या पायातून येतो.

दुखापतही तिथूनच येते. पिचरचं कोपर जातं, फास्ट बॉलरची पाठ.

वेग वाढला, मग काय झालं?

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये सुमारे १४७ होता, २०२४ मध्ये तो १५१ च्या वर गेला. सोबत कोपराची ऑपरेशनंही वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये लीगनं स्वतःच अहवाल काढला आणि वाढत्या दुखापतींचं मोठं कारण सांगितलं: वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर.

बरं, एवढं करून नुसता वेग पुरतो का? २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्सपर्यंत पोचले. करार मिळाला, पण मेजर लीगची एकही मॅच दोघांना खेळायला मिळाली नाही.

त्यांनी उपाय काय काढला?

चेंडू मोजायचे. अमेरिकेच्या 'पिच स्मार्ट' नियमांनुसार १३-१४ वर्षांच्या मुलानं दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू फेकायचे. ६६ किंवा जास्त झाले तर ४ दिवस विश्रांती. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं १५ वर्षांखालच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२ ओव्हरची मर्यादा घातली आहे.

आता तुम्ही म्हणाल, टेनिसच्या मॅचमध्ये एका बॉलरला एक-दोनच ओव्हर मिळतात, बॉलही हलका. मग ताण कसला?

टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, लेदरचा १५६ ते १६३ ग्रॅमचा, हे खरं. पण पाठीवरचा ताण बॉलच्या वजनातून येत नाही. तो पाय आपटण्यातून आणि अंग वळण्यातून येतो, आणि ते दोन्हीकडे सारखंच. शिवाय दिवसात तीन-चार मॅच, प्रत्येकीआधी वॉर्म-अप, आठवडाभर नेट. पाठ टुर्नामेंट वेगळी धरत नाही, ती सगळ्याची बेरीज करते.

गंमत म्हणजे मॅचमधला प्रत्येक बॉल स्कोअरशीटवर किंवा ॲपवर लिहिलेला असतोच. त्यात नेटचे बॉल मिळवून बेरीज करायला एक वही पुरते. स्पीड गन नसली तरी चालेल. १५ वर्षांच्या पोराची ती वही कोच, आयोजक किंवा आई-बाबांपैकी कुणीतरी ठेवायला हवी. कारण पोरगा स्वतःहून 'आज बास' म्हणणार नाही.